गाईच्या वाट्याची पेज

काश्मीरमधल्या त्रेहपोऱ्यात भात घरोघरी शिजतो. पण "भात शिजतो मोख्ताकडे, आपण आपले तांदूळ मऊ करून घेतो," असं गावातल्या बायका म्हणायच्या. त्यात थोडं चिडवणं असायचं, थोडा हेवाही असायचा. मोख्ता तांदूळ सात पाण्यांनी धुवायची. चौथ्या पाण्याला दुसरी कोणी कंटाळली असती. मोख्ता बोटातली चांदीची अंगठी काढून पातेल्याच्या तळाशी टाकायची, पातेलं दारातल्या उजेडात न्यायची आणि वाकून बघायची. अंगठी स्वच्छ दिसली नाही तर आणखी एक पाणी. मग हंडाभर पाण्यात तांदूळ उकळायचे आणि दाणा फुलला की पेज थेंबाथेंबाने निथळून काढायची. ताटात शितं सुटी पडली पाहिजेत. दोन शितं एकमेकांना चिकटलेली दिसली तर तिचा दिवस खराब जायचा.

वाया मात्र काही जात नसे. धुवण आणि पेज, दोन्ही गाईच्या घमेल्यात. दरसाल होणारं वासरू असं तुकतुकीत निघायचं की शेजारची फाजी कुंपणावरून ओरडायची, "अगं मोख्ता, हे वासरू आहे की ठाणेदार? बघ कसा मान वर करून बघतोय!"

"पेज पितो तो," मोख्ता म्हणायची. "माझ्या घरात पेज गुरंच पितात."

हे वाक्य ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची. ते फाजीसाठी नव्हतं. ज्या बाईसाठी होतं ती कबरस्तानात जाऊन वीस वर्षं झाली होती.

मोख्ता सोळाव्या वर्षी या घरात आली तेव्हा गावात गिरणी नव्हती. अंगणात अक्रोडाच्या लाकडाचं उखळ होतं आणि दोन मुसळं. सकाळी उठायचं आणि खांदे भरून येईपर्यंत भात कांडायचा. कांडून निघणारा तांदूळ तांबूस, मळकट, कोंडा अंगावरच घेतलेला. पहिलं बाळंतपण झालं तेव्हा तिची सासू जाना आधी पुरुषांना वाढायची, मग स्वतः घ्यायची, आणि उरलं तर बाळंतिणीला. बहुतेक दिवस उरायची ती पेज. मातीच्या वाडग्यात गरम पेज, वर मिठाचा खडा, बाजूला परसातल्या हाकची, म्हणजे पालेभाजीची, उकडलेली पानं.

"बाळंतिणीला भात जड पडतो," जाना म्हणायची. हे खोटं आहे हे मोख्तालाही कळत होतं आणि जानालाही.

बाराव्या दिवशी मोख्ताची आई लेकीला बघायला आली. तिने तो वाडगा बघितला. आणि समोर ठेवलेल्या चहाला हात न लावता उठून गेली. मोख्ताला तो वाडगा जन्मभर विसरता आला नाही. तिने तेव्हाच मनाशी शपथ घेतली: माझी सून पेज पिणार नाही. माझ्या सुनेच्या ताटात असा भात पडेल की तिच्या आईला बघायला बोलवावं.

मोख्ताला चार मुलं झाली. त्या तांबड्या तांदळावर, त्या अपमानाच्या पेजेवर चारही वाढली, लाल गालांची, धडधाकट. एकही गेलं नाही. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं तिच्या कधी मनात आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

जाना गेली, पुढे मोख्ताचा नवराही गेला. गावात गिरणी आली आणि उखळावर कोंबड्या बसायला लागल्या. मोख्ता तांदूळ गिरणीतून एकदा काढायची नाही, दोनदा काढायची. गिरणीवाला तिला आईच्या मानाने मोजी म्हणायचा. "मोजी, आता दाण्यात राहिलंय काय?"

"पांढरेपणा राहिलाय," मोख्ता म्हणायची. "तो हवाय मला."

मग थोरल्या एजाजचं लग्न झालं आणि तस्लीमा घरात आली. अनंतनागच्या शहरी वस्तीतली, बारावी झालेली, अंगाने किरकोळ, हसायला लागली की थांबायची नाही. पहिल्याच आठवड्यात तिने सासूच्या पायांना तेल लावायला घेतलं आणि मोख्ता लाजली. तिच्या पायांना आजवर कुणी हात लावला नव्हता. दोघींचं असं काही मेतकूट जमलं की एजाज टेम्पो धुता धुता मित्रांना सांगायचा, "लेक तर ही आहे आमच्या घरची, जावई मी. मला चहासुद्धा विचारून मिळतो."

तस्लीमाला दिवस गेले आणि मोख्ताने शपथ बाहेर काढली. बाळंतपणानंतर सुनेला तिने पलंगावरून खाली उतरू दिलं नाही. पालेभाजी बंद, थंड असते. डाळ बंद; वात होतो. दही नको, फळ नको, बाळाचं पोट धरतं. पांढराशुभ्र भात, पहिले काही दिवस कोंबडीचा रस्सा, मग नुसता भात आणि लोणी. आणि दिवसातून पाच-सहा पेले मिठाचा चहा. पत्ती खायच्या सोड्याची चिमूट टाकून तासभर उकळायची, लालभडक अर्क काढायचा, दूध घातलं की गुलाबी रंग उतरायचा. तो रंगही गावात मोख्ताचाच चांगला होता.

"मोजी, हाकचं एक पान द्या ना," तस्लीमा म्हणायची. "एकच. वास घेऊन परत देते."

"चाळीस दिवस होऊ देत, कूरी," मोख्ता लेकीला म्हणावं तसं म्हणायची.

चाळीसचे साठ झाले, साठाचे सत्तर. इतरांच्या सासवा चाळिसाव्या दिवशी सुनेला कामाला जुंपतात. मोख्ताला तशी सासू व्हायचं नव्हतं. गावातल्या बायका ते बघायला यायच्या, भात बघायच्या, अंगठी टाकायची युक्ती बघायच्या आणि घरी जाऊन आपापल्या सुनांना तसंच करून घालायच्या. मोख्ता सगळ्यांना हौसेने शिकवायची.

पहिली मुलगी झाली होती, आफिया. अकरा आठवड्यांची झाली आणि तिचा आवाज बसला. रडताना तोंड उघडायचं, चेहरा लाल व्हायचा, पण बाहेर यायची ती नुसती घरघर. दुसऱ्या दिवशी दूध ओढेना, ओढलं तर टाकून द्यायची. तिसऱ्या दिवशी छाती भात्यासारखी चालू लागली आणि ओठ निळे पडले. गावच्या दवाखान्यातल्या माणसाने थंडी भरलीय म्हणून औषध दिलं आणि शहरात न्यायला सांगितलं. एजाजने टेम्पो काढला. अक्रोडांच्या रांगेपर्यंत पोचले असतील, तस्लीमा म्हणाली, "गाडी थांबवा." तिच्या मांडीवरची पोर गेली होती.

दीड वर्षाने मुलगा झाला, राहिल. या वेळी मोख्ताने नियम आणखी आवळले. अकरावाच आठवडा आला आणि राहिलचा आवाज बसला. या खेपेला तर टेम्पो सुरू करायलाही वेळ मिळाला नाही.

त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. मोख्ता त्यांच्या मधोमध बसली होती आणि तिच्या तोंडातून ते निघून गेलं. "या घरात माझी चार जगली. माझ्या दुधावर जगली. हिच्या दुधातच काहीतरी आहे."

भिंतीला टेकून बसलेल्या तस्लीमाने मान वर करून सासूकडे बघितलं आणि मग आपल्या छातीकडे. अंगातल्या पायघोळ फेरनवर दुधाचे दोन ओले डाग पडले होते. तिने ओढणी पुढे घेतली.

शब्द परत घेता येत नाही. मोख्ताने जीभ चावली, पण माफी मागायची भाषा तिला येत नव्हती. तिला वाढायची भाषा येत होती. तिने तस्लीमाच्या ताटात भात जास्त वाढायला सुरुवात केली. तस्लीमा तो निमूट खायची. तिचं हसणं मात्र बंद झालं ते झालंच. आणि गावाला हवं होतं ते मिळालं. पाणवठ्यावर तस्लीमा आली की बायका आपली तान्ही मुलं ओढणीखाली झाकून घ्यायच्या.

तिसऱ्या बाळंतपणापर्यंत मोख्ताची तब्येत उतरली होती. पाय सुजायचे, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. कुठल्याशा डॉक्टरने हृदय कमजोर झालंय म्हणून लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेत घेत ती तांदूळ सात पाण्यांनी धुवत राहिली. मुलगा झाला. पीरसाहेबांनी ताईत दिला, सावली उतरवली. मुलाचं नाव कुणी मोठ्याने घेत नव्हतं, नजर लागू नये म्हणून. घरात त्याला नुसतं 'तो' म्हणायचे.

तस्लीमा त्याला पाजायला घ्यायची तेव्हा आधी बिस्मिल्ला म्हणायची आणि मग त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणायची, "माफ कर." दर वेळी. दिवसातून दहा वेळा, बारा वेळा. मोख्ता चुलीपाशी बसलेली असायची आणि तिला ते ऐकू यायचं. उठून जावं आणि पोरीचं डोकं छातीशी धरावं असं तिला वाटलं. ती उठली नाही. तांदूळ आणखी एका पाण्यातून काढायला तेवढी वळली.

दहाव्या आठवड्यात, सकाळी, तो रडला आणि आवाज आला नाही.

एजाजने किल्ली घेतली. तस्लीमाने त्याला शालीत गुंडाळलं. मोख्ता सुजलेल्या पायांनी धावत टेम्पोपाशी गेली आणि न विचारता चढून बसली. गावच्या दवाखान्यापाशी एजाजने वेग कमी केला तेव्हा तस्लीमा एवढंच म्हणाली, "इथे नाही. सरळ शहरात." अक्रोडांची रांग आली तेव्हा मोख्ताने डोळे मिटून घेतले आणि रांग संपेपर्यंत उघडले नाहीत.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर नुसरत नावाची तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळं आलेली. तिने बाळाचं रडणं ऐकलं, म्हणजे न आलेलं रडणं ऐकलं, आणि तिचं अंग एकदम सरळ झालं. छातीवर नळी लावली, यंत्रावर हृदय बघितलं. मग नर्सकडे वळून काहीतरी म्हणाली आणि छोट्याशा बाटलीतलं पिवळसर औषध बाळाच्या शिरेत गेलं.

"आता बसा," ती म्हणाली. "थोडा वेळ द्या."

त्या बसल्या. बारा वाजून गेले, मग दुपारची नमाज झाली. मोख्ता बाळाच्या छातीकडे बघत होती. ती आधी घाईघाईने चालत होती, मग जरा कमी. ओठांचा निळा रंग आधी राखी झाला आणि नंतर कधी गुलाबी झाला ते कळलंही नाही. तिसऱ्या प्रहरी त्याने तोंड उघडलं आणि रडला. अख्ख्या वॉर्डात ऐकू जाईल एवढ्या आवाजात, रागावून, भुकेने रडला. एजाज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तस्लीमाने त्याला छातीशी घेतलं आणि ओठ हलवले.

"काय म्हणतेयस त्याला?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही," तस्लीमा म्हणाली.

डॉक्टर स्टूल ओढून बसली. तू काय खातेस, तिने तस्लीमाला विचारलं. तस्लीमाने सांगितलं. भाजी? नाही. डाळ? "मोजी म्हणतात वात होतो." तक्रारीचा सूर नव्हता; विचारलं म्हणून सांगितलं. चहा किती? सोडा घालून? हो.

"आणि भात कसा करता?"

हे विचारल्यावर मोख्ता पुढे सरकली. दिवसभरात पहिल्यांदा तिला कोणी तिच्या विषयातलं विचारलं होतं, आणि बाळ वाचल्याने तिचा जीव हलका झाला होता. "भात माझ्याकडे, बेटा. सुनेच्या हातात मी पातेलं देत नाही. गिरणीतून दोनदा काढून आणते. मग सात पाणी. हे बघ, ही अंगठी टाकते तळाशी, चकचकीत दिसली पाहिजे. मग भरपूर पाण्यात उकळून पेज सगळी काढून टाकायची, थेंब ठेवायचा नाही. आमच्या गावात विचार कुणालाही, मोख्ताचा भात म्हणजे…"

डॉक्टरचं पेन थांबलं होतं.

"धुवलेलं पाणी आणि पेज, त्याचं काय करता, मोजी?"

"गाईला."

"वासरू आहे?"

"आहे की! असं आहे म्हणतेस…" मोख्ता हसली. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि मागून तिचे डोळे बदलले. डॉक्टर काय विचारतेय ते तिला कळायला लागलं होतं.

डॉक्टरने आवाज खाली घेतला. तांदळाच्या कोंड्यात एक जीवनसत्त्व असतं, बी-वन म्हणतात, हृदय त्यावर चालतं. "थोडं गिरणीत जातं, थोडं धुवणात जातं, राहिलेलं पेजेत जातं. त्यातूनही जे पोटात पोचेल ते चहातल्या सोड्याने मरतं. आईच्या अंगात नाही, तर दुधात कुठून येणार? बाळाच्या हृदयाला काही मिळत नाही, ते फुगतं आणि थकतं." मग ती तस्लीमाकडे वळली. "तुझं दूध वाईट नाही, पोरी. रिकामं होतं. आता भरेल."

तस्लीमाने बाळाभोवतीची शाल सारखी केली.

"आधीची दोन गेली," ती म्हणाली. "त्यांचाही आवाज बसला होता."

"मी त्यांना तपासलं नाही. सांगता येत नाही."

"दोघांचाही. अकराव्या आठवड्यात."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "बहुतेक हेच."

"ही एक सुई मिळाली असती तर…"

"वेळेवर मिळाली असती तर," डॉक्टर म्हणाली आणि कागदावर लिहायला लागली. लिहिताना तिची नजर मोख्ताच्या पायांवर गेली. तिने वाकून सुजेवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. मग मोख्ताचंही हृदय यंत्रावर बघितलं गेलं. तेही फुगलेलं होतं. "तुम्हीही हाच भात खाताय ना, इतकी वर्षं? त्यात लघवीच्या गोळ्या. उरलंसुरलं त्यातून वाहून जातं. बी-वनच्या गोळ्या लिहून देते, मोजी. तुम्हीही बऱ्या व्हाल."

मोख्ताने हे ऐकलंच नाही. तिला मातीचा वाडगा दिसत होता, मिठाचा खडा दिसत होता, आणि चहा न पिता उठून जाणारी आई दिसत होती.

घरी आल्यावर तस्लीमा सरळ स्वयंपाकघरात गेली. तिने पातेलं घेतलं, तांदूळ एकदा धुतले, बेताचं पाणी घालून शिजत ठेवले. परसात जाऊन हाक खुडून आणला. मोख्ता चुलीच्या कडेला बसून होती. अंगठी तिच्या बोटातच राहिली. भात चिकट झाला होता. सगळ्यांनी तो खाल्ला. तस्लीमाने एक शब्दही वेडावाकडा काढला नाही. काढला असता तर मोख्ताला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून पाजताना ती "माफ कर" म्हणायची थांबली.

गाव बाळाला बघायला आलं. पीरसाहेबांचा ताईत फळाला आला म्हणालं. मोख्ता म्हणाली, "ताईत नाही. पेज. मी पेज ओतून दिली, म्हणून दोघं गेली. हिच्या दुधात काही नव्हतं, कारण मी काही राहू दिलं नाही."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. फाजीने तिचा हात धरला. "मोख्ता, दुःखाने डोकं फिरतं माणसाचं. स्वच्छ भाताने कधी कुणी मेलंय? आणि तसं असतं तर आम्ही सगळ्या काय…आम्ही तर तुझ्याकडूनच शिकलो सगळं."

फाजी हे समजूत घालायला म्हणाली. मोख्ता मात्र त्यावर ताठ बसली. हाजराचा मुलगा. वरच्या आळीतली जुळी. गिरणीवाल्याच्या लेकीची पहिली. आवाज बसला होता का त्यांचा? बसला होता. ती स्वतः गेली होती तिथे बसायला, सांत्वन करायला.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरली, थांबत, धापा टाकत. तांदूळ इतके धुवू नका. पेज टाकू नका. बाळंतिणीला भाजी द्या. घरोघरी तिला बसवलं गेलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला गेला आणि तिच्याच पद्धतीने केलेला गुलाबी चहा तिच्यापुढे ठेवला गेला. गाव असंच. तस्लीमाच्या दुधात खोट आहे हे त्याने एका दुपारी मानलं. भाताच्या पाण्यात जीव आहे हे मानायला त्याला मोख्तापेक्षा मोठं माणूस हवं होतं. आणि भाताच्या बाबतीत मोख्तापेक्षा मोठं माणूस त्रेहपोऱ्यात नव्हतं. ते तिनेच तसं करून ठेवलं होतं.

मग तिने फिरणं सोडलं.

डॉक्टरने दिलेल्या बी-वनच्या गोळ्या ती जिभेखाली धरायची आणि गोठ्यात जाऊन थुंकायची. काही दिवसांनी तस्लीमा घमेलं घासायला गेली तेव्हा तळाशी चार-पाच गोळ्या ओल्या होऊन चिकटलेल्या दिसल्या. त्या तळहातावर घेऊन ती आत आली.

"मोजी, वासराचं अजून पोट भरलं नाही वाटतं?"

इतक्या दिवसांत तिने मारलेला हा पहिला टोमणा. मोख्ताने खाली मान घातली. "मला नको जगायला, कूरी."

"मला तरी कुठे हवं होतं? दोनदा. तुम्ही माझ्यापुढे ताट ठेवत होता आणि मी खात होते. घास गिळत नव्हता तरी गिळत होते, कारण तुम्ही समोर बसलेल्या असायच्या." तिने नवी गोळी काढली, पाण्याचा पेला पुढे केला आणि सासूसमोर बसली, तशीच, जवळ, नजरेला नजर भिडवून. "आता तुम्ही गिळा."

मोख्ताने गिळली. दुसऱ्या दिवशीही. तस्लीमा रोज सकाळी येऊन बसायची, तोंड उघडून दाखवायला सांगायची आणि उठून जायची. या दोन मिनिटांपलीकडे दोघींत आता फारसं बोलणं राहिलं नव्हतं. पायांना तेल लावणं तर कधीच संपलं होतं.

पण पायांची सूज उतरायला लागली. धाप कमी झाली. महिन्याभरात मोख्ता रात्री मध्येच उठून न बसता सलग झोपू लागली, आणि ते तिला फार लागलं. अंग तिला न विचारताच बरं होत होतं. तीन महिन्यांनी एजाज दोघींना आणि बाळाला घेऊन शहरात गेला. बाळाचं नाव आता घेत होते, ज़मीर. तो वासरासारखा गुबगुबीत झाला होता; पण हे बोलून दाखवायची मोख्ताची हिंमत नव्हती.

डॉक्टर नुसरतने यंत्रावर मोख्ताचं हृदय बघितलं आणि तिच्या थकलेल्या चेहऱ्यावर आनंद उमटला. "जागेवर आलं, मोजी! बघा, किती छान चालतंय. आता पंधरा-वीस वर्षं काही काळजी नाही."

"इतकी?" मोख्ताने विचारलं.

डॉक्टर हसली. तिला वाटलं म्हातारी विनोद करतेय. तस्लीमा हसली नाही. ती सासूकडे बघत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता, मायाही नव्हती. ती फक्त बघत होती.

परतताना कबरस्तानाच्या कडेने टेम्पो गेला. भिंतीपलीकडे निळ्या फुलांच्या ताटव्यात दोन लहान उंचवटे होते, एक जरा जुना, एक नवा. कुणी गाडी थांबवायला सांगितलं नाही.

संध्याकाळी तस्लीमाने भात केला. बऱ्याच दिवसांनी थोडं पाणी जास्त झालं म्हणून तिने वरची पेज काढली. घमेल्याकडे न जाता तिने ती दोन वाडग्यांत ओतली, मीठ टाकलं, एक स्वतःपुढे घेतला आणि एक मोख्तापुढे ठेवला.

मोख्ताने वाडगा दोन्ही हातांत धरला. वाफ तिच्या तोंडावर येत होती. ती त्या पेजेवर वाकली आणि हळूच म्हणाली, "माफ कर."

तस्लीमाने ते ऐकलं. तिने आपल्या वाडग्यातून एक घोट घेतला, ओठ पुसले.

"मला कसलं विचारता, मोजी," ती म्हणाली. "ज्यांना विचारायचं, त्यांना बोलताच येत नव्हतं."

मोख्ता पेज प्यायली. चव अगदी तीच होती. तिची चारही मुलं या चवीवर जगली होती.